अजून थोडा मागे

“अजून थोडा मागे!” हे कोण ओरडलं?

मी एवढंच विचारलं होतं.

माझा मोठा भाऊ संतोष, माझा दादा, कॅनडात कॅल्गरीपासून दोनेक तासांवर एका कॅनियनमध्ये, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, गोठलेल्या धबधब्यापाशी उभा होता. त्याची मित्रमंडळी फोटो काढत होती. त्या संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये कर्वेकाका मला म्हणाले, “कुणीतरी ओरडलं रे, अजून थोडा मागे. तो गेला मागे, आणि खालचा बर्फ फुटला.”

मी म्हणालो, “कुणीतरी म्हणजे कोण?”

कर्वेकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, “तुला सांगतो राजू, एकदा काय झालं, संतोष आणि मी...” आणि त्यांनी मला दादाचा एक किस्सा सांगितला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून!

तेव्हापासून हेच चालू आहे. मी प्रश्न विचारतो, समोरचा किस्सा सांगतो. लोकांना वाटतं किस्से मजेमजेत जमतात. नाही हो. उत्तर द्यायचं नसलं की माणूस किस्सा देतो. माझ्याकडे आता पोतंभर झालेत. काही या लोकांनी सांगितलेले, काही मी डोळ्यांनी बघितलेले. बसा, सांगतो. हसू आलं तर हसा. दादा स्वतःच सगळ्यात जास्त हसायचा.

*

आधी मंडळी कोण ते ऐका. ग्रुपचं नाव ‘बर्फवेडे’. कॅल्गरीतली शहाणी माणसं हिवाळ्यात बेसमेंटमध्ये बसून सिनेमे बघतात. हे लोक शनिवारी सकाळी उणे वीसमध्ये डोंगरात जायचे. कशाला? तर बर्फ बघायला! अहो, घराच्या दारात बर्फ आहे! ड्राइव्हवेवर आहे, गाडीवर आहे. तो फावड्याने काढायचा यांना कंटाळा. तो दादा येऊन करून द्यायचा. आणि मग त्याच दादाला घेऊन हे दुसरा बर्फ बघायला निघायचे.

पुढारी कर्वेकाका. तेल कंपनीत पाइपलाइनचे इंजिनियर, पुण्याचे. मग मंदार आणि त्याची बायको गौरीवहिनी, दोघं सॉफ्टवेअरमध्ये, दोघंही पुण्याची. आणि डॉक्टर पाटणकर, रिटायर्ड. हे चौघं पक्के, बाकीचे येऊन-जाऊन.

आम्ही दोघं विट्याचे. दादा आयटीआय झालेला वेल्डर. मी नववीत शाळा सोडली. तेलाची तेजी होती तेव्हा इथे माणसं मिळत नव्हती, म्हणून दादाने मला बोलावून घेतलं आणि एका हॉटेलच्या किचनमध्ये भांडी घासायला लावून दिलं.

दादाला या लोकांचं फार कौतुक. “राजा, मोठी माणसं आहेत. तरी आपल्याला बरोबर नेतात.”

मी म्हणायचो, “नेतात, कारण तुझ्याकडे पिकअप ट्रक आहे.”

“तसं नाही रे,” दादा म्हणायचा. मग जरा विचार करून म्हणायचा, “आणि ट्रकला विंटर टायर्स पण आहेत.”

*

थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी मरते. घरून फुल चार्ज करून नेलेली बॅटरी डोंगरात गेल्यावर पाच-सहा फोटोंत झोपते. अंगाशी धरून गरम केली की परत उठते. म्हणून स्पेअर बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवतात. हे सगळ्या बर्फवेड्यांना पाठ होतं. प्रश्न एवढाच की, कुणाच्या अंगाशी?

मंदारचं जॅकेट इतकं महागाचं की त्याला आतून खिसाच नव्हता. “हे टेक्निकल जॅकेट आहे,” तो म्हणायचा. गौरीवहिनींना स्वतःलाच इतकी थंडी वाजायची की त्यांच्याजवळ ठेवलेली बॅटरी आणखी गार व्हायची. कर्वेकाका म्हणायचे, “माझं सर्क्युलेशन आता पूर्वीसारखं नाही.”

उरला दादा. वेल्डर माणूस, अंगात भट्टी! पार्किंग लॉटमध्ये सगळे एकामागोमाग त्याच्यापाशी यायचे आणि आपापली बॅटरी त्याच्या शर्टाच्या खिशात टाकायचे, देवळातल्या दानपेटीत टाकतात तशी. अदलाबदल होऊ नये म्हणून गौरीवहिनींनी प्रत्येक बॅटरीवर नावाची पट्टी चिकटवली होती.

मी एकदा विचारलं, “टोचत नाहीत का रे?”

“टोचतात,” दादा म्हणाला. “पण बघ ना, माझ्याशिवाय यांचा एक फोटो निघत नाही!”

*

कर्वेकाकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “बर्फाला आकार असतो, माप नसतं. माप माणसामुळे कळतं.”

म्हणजे काय, तर गोठलेल्या धबधब्याचा नुसता फोटो काढला तर तो धबधबा आहे की आपल्या फ्रीजरमध्ये साठलेला बर्फ आहे, ते कळत नाही. पायथ्याशी माणूस उभा केला की बघणारा म्हणतो, बापरे, केवढा उंच! त्या माणसाला हे लोक ‘स्केल’ म्हणायचे.

पहिल्यांदा मंदार उभा राहिला. टेक्निकल जॅकेट करड्या रंगाचं. फोटोत तो दगडात दगड होऊन गेला. घरी जाऊन सगळ्यांनी स्क्रीनवर अर्धा तास शोधला, सापडला नाही.

मग गौरीवहिनी उभ्या राहिल्या. त्यांना एक सवय आहे. कॅमेरा दिसला की त्यांची मान तिकडे वळते आणि तोंडावर हसू येतं. मागून अस्वल आलं तरी आधी कॅमेऱ्याकडे बघून हसतील, मग पळतील. कर्वेकाका ओरडले, “गौरी, स्केल हसत नसतं!”

शेवटी सगळ्यांनी मिळून सेलमधून एक लाल जॅकेट आणलं. निळ्या बर्फापुढे लाल रंग उठून दिसतो म्हणे. ते दादाला बरोबर बसलं. दादा पाठमोरा उभा राहायचा. हलायचा नाही, बोलायचा नाही, वळायचा नाही. गौरीवहिनी खूश झाल्या. “परफेक्ट! संतोष, तू जन्मजात स्केल आहेस!”

त्या दिवाळीला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात, भाड्याच्या हॉलमध्ये, यांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. सगळ्यात मोठा फोटो कर्वेकाकांचा. निळा धबधबा, पायथ्याशी लाल ठिपका, आणि खाली नाव लिहिलेलं ‘एकांत’. दादा तिथेच होता, चहाचा ट्रे घेऊन फिरत होता. एक पाहुण्या बाई फोटोपाशी थांबल्या. “हा कोण आहे हो?”

“तो स्केल आहे,” कर्वेकाका म्हणाले, आणि दादाच्या ट्रेमधला चहा उचलला.

*

एका ट्रिपला मीही गेलो होतो. डोंगरात एक मोठा तलाव आहे. तळातून गॅसचे बुडबुडे वर येतात आणि वर येता येता गोठतात. खाली बघितलं की काचेत भाकऱ्यांची चवड अडकल्यासारखी दिसते. खरंच सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू. पण तिथे वारा असा असतो की उभ्या माणसाला ढकलतो.

मंदारला बुडबुडे जवळून हवे होते. तो पोटावर आडवा झाला, कॅमेरा बर्फाला टेकवला. टेक्निकल जॅकेट गुळगुळीत. मागून वाऱ्याचा एक दणका आला आणि मंदार कॅरमच्या सोंगटीसारखा निघाला! सुळ्ळकन! तरी बोट बटणावरच. क्लिक, क्लिक, क्लिक!

कर्वेकाका मागून ओरडले, “मंदार, फोकस बघ, फोकस!”

गौरीवहिनी ओरडल्या, “मंदाऽर! कॅमेरा धर!” नवरा गेला तरी चालेल.

दादा धावला, घसरला, आपटला, उठला, पुढे जाऊन पाय रोवून बसला. मंदार येऊन त्याच्या बुटांना धडकला आणि थांबला. आम्ही तिथे पोचेपर्यंत मंदार उठून बसला होता आणि स्क्रीनवर फोटो बघत होता.

“शिट! सगळे ब्लर. आणि शेवटच्यात नुसता बूट आलाय. संतोष, तू मध्ये कशाला आलास?”

“सॉरी,” दादा म्हणाला.

*

डॉक्टर पाटणकर सत्तरच्या दशकात कॅनडात आले. हे तुम्हाला त्यांना विचारावं लागत नाही. “आमच्या वेळी उणे चाळीस असायचं! तुमची ही कसली थंडी!” एवढं बोलायचं आणि गाडीचा हीटर वाढवायचा.

डॉक्टर कुठल्याच ट्रिपला गाडीतून उतरले नाहीत. काच चार बोटं खाली करायची, लेन्स बाहेर काढायची, क्लिक, लेन्स आत, काच वर. या कामाला ग्रुपमध्ये ‘बेस कॅम्प’ म्हणायचे. चहाचा थर्मास आणि थालीपीठांचा डबा बेस कॅम्पच्या ताब्यात.

दादा त्यांना दर वेळी बोलवायचा. “डॉक्टर, एकदा तरी या ना खाली. फार छान दिसतंय.”

डॉक्टर म्हणायचे, “अरे, मी उतरलो आणि मला काही झालं, तर डॉक्टर कुठून आणायचा?”

दादाला झालं तेव्हाही डॉक्टर गाडीतच होते.

*

बर्फावर उभं राहायचं तर आधी तो पक्का आहे का बघावं लागतं. बर्फवेड्यांची त्याचीही पद्धत होती. काठावर उभं राहून कर्वेकाका आणि मंदार इंग्लिशमध्ये बोलायचे. लोड, थिकनेस, टेंपरेचर, थिअरॉटिकली. मंदार म्हणायचा चालेल, कर्वेकाका म्हणायचे सांगता येत नाही. बराच वेळ झाला की कर्वेकाका वळायचे, “संतोष, जरा बघून ये.”

दादा जायचा. पाय आपटायचा, दोन उड्या मारायचा आणि ओरडायचा, “ओके साहेब!” कर्वेकाकांनी त्याला कितीदा सांगितलं, साहेब नको, काका म्हण. त्याच्या तोंडून साहेबच यायचं.

मी होतो त्या ट्रिपला मला राहवलं नाही. मी म्हणालो, “काका, तुम्ही का नाही जात बघायला?”

मग कर्वेकाका हसत म्हणाले, “अरे, आम्हाला पोरंबाळं आहेत. संतोष अजून सिंगल आहे!”

काय हशा पिकला! डॉक्टरांनी तर गाडीची काच खाली करून विचारलं, काय झालं, काय झालं. दादा सगळ्यात जास्त हसला.

परत येताना ट्रकमध्ये तो मला म्हणाला, “असं विचारायचं नसतं राजा. मोठी माणसं आहेत.”

*

त्या शनिवारी माझी शिफ्ट होती, मी नव्हतो. आठवडाभर चिनूक वाहत होता. चिनूक म्हणजे डोंगरावरून येणारा गरम वारा. कॅल्गरीत भर हिवाळ्यात सगळं वितळतं, पोरं टीशर्टवर फिरतात. आमच्या हॉटेलच्या छपरावरून पाणी गळत होतं. तरी हे गेले. “वर कॅनियनमध्ये ऊन पोचत नाही, तिथे गारच असतं,” असं कर्वेकाका म्हणाले होते. थिअरॉटिकली.

मग मी वर सांगितलं ते झालं.

नंतर पोलिसांनी मला एक प्लॅस्टिकची पिशवी दिली. पाकीट, ट्रकची किल्ली, आणि बॅटऱ्या. नावांच्या पट्ट्या भिजून सुकलेल्या, पण अक्षरं वाचता येत होती. कर्वे. मंदार. गौरी.

दोन दिवसांनी गौरीवहिनींचा फोन आला. आधी खूप रडल्या. दादा कसा होता, त्याने एकदा त्यांचा हरवलेला ग्लोव्ह बर्फात कसा शोधून दिला, सगळं सांगितलं. मग नाक पुसून म्हणाल्या, “राजू, पिशवीत मंदारची बॅटरी आहे का रे? पण घाई नाही हं! तुझ्या सवडीने!”

मी फोन ठेवला आणि सगळ्या बॅटऱ्या बाल्कनीतून खाली भिरकावल्या. मग खाली गेलो आणि बर्फात हात घालून एकेक शोधून आणली. त्यांच्यासाठी नाही. त्या दादाच्या अंगाशी होत्या म्हणून.

त्या आठवड्यापासून गौरीवहिनी मला दर रविवारी डबा पाठवायला लागल्या. पोळ्या, भाजी, कधी बेसनाचे लाडू. मंदार दाराशी ठेवून जायचा. मी खायचो. भाजी चांगली असायची. आमच्या आईने शिकवलंय, कुणाचा डबा रिकामा परत करू नये. मी धुऊन, त्यात चमचाभर साखर घालून परत करायचो.

*

शोकसभा कर्वेकाकांच्या बेसमेंटमध्ये झाली. टीव्हीवर स्लाइड शो लावला होता, मागे बासरी. धबधबा, लाल ठिपका. गुहा, लाल ठिपका. तलाव, लाल ठिपका. मागच्या रांगेत एक बाई नवऱ्याला हळूच विचारत होत्या, “ही यांची बँफची ट्रिप का?”

सगळे बोलले. संतोष मनमिळाऊ, संतोष कष्टाळू, संतोष कधी नाही म्हणायचा नाही. मग कर्वेकाका म्हणाले, “राजू, तुला दोन शब्द बोलायचेत?”

मी उभा राहिलो. म्हणालो, “अजून थोडा मागे, हे कोण ओरडलं?”

बासरी चालू होती. ती कुणीतरी बंद केली.

मंदार म्हणाला, “मी मान खाली घालून सेटिंग बदलत होतो रे.”

गौरीवहिनी म्हणाल्या, “मी बॅगेत हँडवॉर्मर शोधत होते.”

डॉक्टर म्हणाले, “मी गाडीत होतो. सगळ्यांना माहीत आहे.”

कर्वेकाका म्हणाले, “कॅनियनमध्ये आवाज घुमतो, राजू. कुठून आला कळत नाही.”

मी म्हणालो, “मग फोटो दाखवा. जो मागे जा म्हणाला, त्याच्याच फोटोत दादा बरोबर जागेवर असेल ना? तुम्हीच शिकवलंत, फ्रेम, कॉम्पोझिशन.”

आता सगळे मंदारकडे बघायला लागले. मंदार म्हणाला, “त्या दिवसाचे फोटो आम्ही सगळ्यांनी डिलीट केले. रिस्पेक्ट म्हणून.”

तीन कॅमेरे! या लोकांनी माझ्या भावाचे ब्लर फोटोसुद्धा जपून ठेवलेत. त्या दिवसाचा एक नाही!

“म्हणजे कुणीच ओरडलं नाही,” मी म्हणालो. “तो आपला आपणच मागे गेला?”

कर्वेकाकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तो फार डेडिकेटेड होता रे.”

*

आईला हार घालायला फोटो हवा होता.

मी कर्वेकाकांना सांगितलं. त्यांनी मला अल्बमची लिंक पाठवली. शेकडो फोटो. मी शिफ्ट संपवून बसायचो आणि एकेक उघडायचो. सगळ्यांत दादाची पाठ. मग वाटलं, ग्रुप फोटोत तर असेल. पण ग्रुप फोटो नेहमी दादाच काढायचा. स्केल असला की पाठमोरा आणि ग्रुप फोटोच्या वेळी कॅमेऱ्यामागे. इतकी वर्षं इतक्या महागड्या कॅमेऱ्यांपुढे उभा राहिला, तोंड एकातही नाही!

मंदारने मदत केली. एका फोटोत दादाची मान जराशी वळलेली होती, तो झूम करून पाठवला. लाल चौकोन आणि त्यावर तीन-चार तपकिरी चौकोन. खाली लिहिलं होतं, “यापेक्षा जास्त डिटेल नाही मिळणार.”

शेवटी आम्ही आयटीआयच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा केला. मिसरूड फुटलेला, कान बाहेर आलेले. हार त्याला घातला.

मी दादाच्या अस्थी घेऊन विट्याला निघालो तेव्हा बर्फवेड्यांनी आईसाठी भेट दिली. ‘एकांत’, मोठा प्रिंट, फ्रेम केलेला. मी तो वागवत नेला. आईने भिंतीला टेकवून ठेवला आणि बराच वेळ बघत बसली.

“ह्यात संतोष कुठं हाय?”

मी बोट ठेवून दाखवलं. बोटाखाली तो अख्खा झाकला गेला.

आई म्हणाली, “बोट काढ की.”

*

मी परत आलो. पुढचा हिवाळा आला. कर्वेकाकांचा फोन आला. “संतोषच्या स्मरणार्थ हाइक करतोय. त्याच जागी. तू आलास तर आम्हा सगळ्यांना बरं वाटेल.”

यांना बरं वाटेल! मी नाही म्हणणार होतो. पण बॅटऱ्या परत करायच्या होत्या, आणि ती जागा मी बघितली नव्हती. शर्टाच्या आतल्या खिशात बॅटऱ्या टाकल्या आणि गेलो.

त्या वर्षी चिनूक नव्हता. थंडी अशी की नाकातले केस कडक होत होते. डॉक्टरसुद्धा आले, काठी टेकत, पहिल्यांदा गाडीतून उतरून. पार्किंग लॉटमध्ये गौरीवहिनींनी मला एक पिशवी दिली. आत नवीन लाल जॅकेट. “संतोषची आठवण म्हणून,” त्या म्हणाल्या. मी ते हातात धरलं, अंगात घातलं नाही.

धबधबा फार मोठा होता. निळा, उंच, वरपासून खालपर्यंत थांबलेला. खालचा बर्फ आता दगडासारखा होता. आमच्या आधी आलेले लोक त्यावरून निवांत चालत होते. कर्वेकाकांनी बर्फाच्या एका सुळक्याला झेंडूचा हार घातला. पाहता पाहता फुलं कडक झाली.

“दोन मिनिटं शांत उभं राहू या,” कर्वेकाका म्हणाले.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. शांतता. आणि त्या शांततेत, क्लिक!

“सॉरी,” मंदार पुटपुटला. “हारावर लाइट मस्त पडला होता. गेला असता रे.”

मग कर्वेकाका म्हणाले, “एक ग्रुप फोटो घेऊ.” आणि सगळे इकडेतिकडे बघायला लागले. कारण ग्रुप फोटो कोण काढायचा, ते सगळ्यांना एकदम आठवलं.

“मी काढतो,” मी म्हणालो.

मंदारने कॅमेरा दिला. बटण दाबलं, चालू होईना. बॅटरी मेली होती. “कुणाकडे स्पेअर आहे?” त्याने विचारलं. कुणाकडे नव्हती. इतकी वर्षं कुणाला ठेवायची सवयच नव्हती. मी खिशात हात घातला आणि ‘मंदार’ची पट्टी असलेली बॅटरी काढून त्याच्या हातात ठेवली. निघताना चार्ज केली होती. अंगाशी राहून गरम होती. मंदारने बॅटरी घातली, कॅमेरा लगेच चालू झाला.

चौघं धबधब्यापुढे रांगेत उभे राहिले. कर्वेकाका, डॉक्टर, मंदार, आणि शेवटी गौरीवहिनी. मी मागे मागे येत कॅमेरा डोळ्याला लावला. गौरीवहिनींचं हसू आधीच तयार होतं.

सगळे फ्रेममध्ये नीट मावत होते. तरी मी ओरडलो.

“अजून थोडं मागे!”

कॅनियनच्या भिंतींवरून माझाच आवाज परत आला.

कुणी पाऊल उचललं नाही. कर्वेकाकांनी मान वळवून गौरीवहिनींकडे बघितलं. मंदारने बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं, जे त्या दिवशी गाडीत होते.

गौरीवहिनी तेवढ्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. हसत.

मी बटण दाबलं.

“आला का चांगला?” कर्वेकाकांनी विचारलं.

“शार्प आलाय,” मी म्हणालो. फोटो मला पाठवा म्हणून मंदारला सांगितलं. तिथेच सगळ्यांच्या बॅटऱ्या नाव वाचून ज्याच्या त्याच्या हातात दिल्या, जॅकेट कर्वेकाकांच्या ट्रायपॉडवर अडकवलं आणि निघालो.

फोटो यायला बरेच दिवस लागले. पण आला. मी त्याची प्रिंट काढून आणली. रविवारचा डबा धुऊन, पुसून ठेवलेला होता. प्रिंट त्यात बरोबर बसली. झाकण लावलं आणि गौरीवहिनींच्या दाराशी ठेवून आलो.